छत्तीस अधिकारी आणि दहा बाय दहाचा चौरस

पत्त्यांच्या कॅटातून एक्के, राजे, राण्या आणि गुलाम असे सोळा पत्ते काढायचे आणि चार ओळींत चार-चार मांडायचे. अट एवढीच, की कुठल्याही आडव्या किंवा उभ्या ओळीत एक्का, राजा, राणी, गुलाम प्रत्येकी एकदाच यावा आणि इस्पिक, बदाम, किलवर, चौकटही एकदाच. थोडा वेळ खटपट केली की जमते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधल्या करमणुकीच्या गणिताच्या पुस्तकांत हे कोडे छापून येत असे. लिओनार्ड ऑयलरने त्याच जातीचा प्रश्न फौजेत नेला आणि मग पुढची दोनशे-अडीचशे वर्षे तो कोणाला सुखाने बसू देईना.

ऑयलरचा प्रश्न असा: सहा पलटणी आहेत. प्रत्येक पलटणीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी घेतले. या छत्तीस जणांना सहा बाय सहाच्या चौरसात असे उभे करायचे, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत सहाही पलटणी दिसाव्यात आणि सहाही हुद्दे दिसावेत. १७७९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत त्याने यावरचा निबंध सादर केला तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता, डोळे जवळजवळ गेलेले होते आणि तो सांगे ते इतर लोक लिहून घेत. १७८२ मध्ये निबंध छापला गेला. विषम संख्यांचे चौरस आणि चारने भाग जाणाऱ्या संख्यांचे चौरस कसे बांधायचे हे त्याने दाखवले होते. अडले ते मधल्या संख्यांपाशी: २, ६, १०, १४, १८ आणि पुढे तशाच. दोनाचा चौरस होत नाही हे शाळकरी पोरही सांगेल. सहाचा होत नाही असे ऑयलरला फार प्रयत्नांनंतर वाटू लागले. दहाचा, चौदाचा आणि त्या माळेतल्या कुठल्याच संख्येचा होत नसणार, असा अंदाज त्याने लिहून ठेवला. सिद्धता दिली नाही. पण ऑयलरचा अंदाज म्हटल्यावर लोक त्याला अर्धी सिद्धताच समजत.

सहाचा निकाल लागायला १९००-०१ साल उजाडले. अल्जीरियात फ्रेंच सरकारच्या नोकरीत असलेल्या गास्ताँ तारी नावाच्या हौशी गणितज्ञाने तो लावला आणि ज्या पद्धतीने लावला ती आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाची आहे. फक्त एकाच गुणाचा विचार केला, म्हणजे नुसत्या पलटणी किंवा नुसते हुद्दे, तर जो चौरस होतो त्याला लॅटिन चौरस म्हणतात. सहा बाय सहाचे लॅटिन चौरस ८१ कोटींहून अधिक आहेत. पण ओळींची अदलाबदल केली किंवा नावे बदलली तर खेळात फरक पडत नाही, हे लक्षात घेऊन पहिली ओळ आणि पहिला स्तंभ ठरवून टाकला की उरतात ९,४०८. तारीने त्यांचेही १७ गट पाडले आणि एकेक गट तपासून दाखवून दिले, की कुठल्याच चौरसाला जोडीदार मिळत नाही. एकाला पलटणी मानावे आणि दुसऱ्याला हुद्दे, असे दोन चौरस एकमेकांवर ठेवले की प्रत्येक जोडी एकदाच यायला हवी. सहामध्ये ती कधीच येत नाही. तारीकडे यंत्र नव्हते, पण त्याने जे केले त्याला आज प्रोग्रामच म्हणावे लागेल. आधी सममिती वापरून प्रश्न लहान करायचा, मग उरलेल्या साऱ्या शक्यता न कंटाळता पाहायच्या. पहिला भाग गणिताचा, दुसरा सोशिकपणाचा. पुढच्या शतकात दुसरा भाग यंत्राकडे गेला आणि पहिला माणसाकडेच राहिला, असे मला तरी या सगळ्या इतिहासातून दिसते.

दहाचे मात्र तारीच्या वाटेने होण्यासारखे नव्हते. दहा बाय दहाचे, पहिली ओळ आणि पहिला स्तंभ ठरवून टाकलेले लॅटिन चौरस किती, हे मोजायलाच १९९५ साल यावे लागले. ती संख्या २५ अंकी आहे.

दरम्यान या कोड्याला एक अनपेक्षित आश्रयदाता मिळाला. तो म्हणजे शेती. इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेड इथल्या शेतकी प्रयोगकेंद्रात काम करताना रोनाल्ड फिशरच्या लक्षात आले, की शेताचा कस एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत बदलत जातो, तोही उभा आणि आडवा दोन्हीकडे. गव्हाचे पाच वाण तपासायचे तर प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकदा पेरावा, म्हणजे जमिनीचा दोष कोणा एकाच्या माथी बसत नाही. हा लॅटिन चौरसच. वाणाबरोबर खतही तपासायचे असेल, तर एकमेकांवर नीट बसणारे दोन चौरस लागतात. ऑयलरचे अधिकारी असे वावरात उतरले.

याच कारणाने हा विषय भारतात रुजला. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१ मध्ये भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली होती आणि पुढच्याच वर्षी राजचंद्र बोस हे शुद्ध भूमितीत रमणारे गणितज्ञ तिथे आले. १९३८ च्या जानेवारीत फिशर कलकत्त्यात होता. एकमेकांवर बसणारे जास्तीत जास्त किती चौरस मिळतील, हा त्याच्यासाठी प्रयोगाच्या आखणीचा प्रश्न होता. बोसांनी त्याच वर्षी दाखवले की तो भूमितीचा प्रश्न आहे. ठरावीक संख्येचेच बिंदू आणि रेषा असलेली एक भूमिती असते. तिच्यात कोणतेही दोन बिंदू एकाच रेषेवर येतात आणि कोणत्याही दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात, समांतर असे काही नसतेच. तिला प्रक्षेपी प्रतल म्हणतात. एखाद्या संख्येसाठी चौरसांचा पूर्ण संच मिळतो, तेव्हाच त्या संख्येचे प्रतल मिळते आणि प्रतल मिळते तेव्हाच संच. दहासाठी पूर्ण संच म्हणजे नऊ चौरस. हा धागा पुढे पन्नास वर्षांनी एका सुपरकॉम्प्युटरपर्यंत जाणार होता.

बोसांच्या विद्यार्थ्यांपैकी एक होते शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७ चा, सागरचा, शिक्षण नागपूरचे, पुढे तिथेच अध्यापन. बोस १९४९ मध्ये अमेरिकेत चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले आणि १९५० मध्ये श्रीखंड्यांनी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. मिळवली. नंतर १९६३ पासून पंधरा वर्षे ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख होते. आलेखशास्त्र शिकणारा जगातला कोणताही विद्यार्थी ‘श्रीखंडे आलेख’ भेटल्यावाचून फार पुढे जात नाही. आपल्याकडे मात्र वर्तमानपत्रांना त्यांची आठवण झाली ती २०२० मध्ये, ते १०२ व्या वर्षी गेले तेव्हा.

आता यंत्राकडे वळू. लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवारात १९५० मध्ये ‘स्वॅक’ नावाचा संगणक सुरू झाला. तो काही काळ जगातल्या सर्वांत वेगवान यंत्रांत गणला जाई. बर्कलीचा राफाएल रॉबिन्सन याने यंत्र डोळ्यांनी न पाहता, नुसत्या माहितीपुस्तिकेवरून त्याच्यासाठी मर्सेन मूळसंख्या शोधण्याचा प्रोग्राम लिहिला. तो पहिल्याच फटक्यात बिनचूक चालला आणि ३० जानेवारी १९५२ च्या एकाच दिवसात दोन नव्या मूळसंख्या हाती लागल्या. आज स्वल्पविराम चुकला म्हणून रात्र घालवणाऱ्या प्रोग्रामरने ही गोष्ट वाचून मत्सर करावा, अशीच आहे. अशा यंत्राला ऑयलरचा प्रश्न विचारावा, हे कोणालाही सुचले असते. लॉवेल पेज आणि चार्ल्स टॉम्पकिन्स यांनी तो विचारला.

त्यांची रीत सरळ होती. एक लॅटिन चौरस घ्यायचा आणि त्याचा जोडीदार घराघराने भरत जायचा. अडले की मागे फिरायचे, शेवटचे घर बदलायचे, पुन्हा पुढे. यंत्र तासन्‌तास चालले आणि हाती काही लागले नाही. जेवढा भाग पाहून झाला त्यावरून हिशेब केला तेव्हा कळले, की एकाच चौरसाचा शोध संपवायला अनेक पिढ्या पुरणार नाहीत. जोडीदार सापडला नाही यावरून ऑयलर बरोबर असावा, असे बऱ्याच जणांचे मन झुकले. वास्तविक यंत्राने काहीच सांगितले नव्हते. समुद्राची एक ओंजळ पाहून मासे नाहीत असे म्हणण्यापैकीच ते होते.

१९५९ मध्ये चित्र पालटले. अर्नेस्ट टिल्डन पार्कर हा गणितज्ञ त्या वेळी मिनेसोटातल्या सेंट पॉल इथे युनिव्हॅक संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीत नोकरीला होता. एकमेकांवर बसणारे चौरस किती मिळू शकतात, यावर १९२२ मध्ये मॅकनीशने एक अंदाज बांधला होता आणि ऑयलरचा अंदाज त्यातूनच निघत होता. पार्करने २१ या संख्येपाशी मॅकनीशचा अंदाज खोटा पाडला. ही बातमी चॅपल हिलला पोचली. बोस आणि तेव्हा तिथेच असलेले श्रीखंडे यांनी ओळखले, की ही कल्पना अजून ताणता येईल. त्यांनी प्रयोगांच्या आखणीतल्या आपल्या रचना तिच्यात ओतल्या आणि २२ बाय २२ चा जोडचौरस, म्हणजे एकमेकांवर नीट बसणारी दोन चौरसांची जोडी, बांधला. बावीस ही ऑयलरच्या बंदी घातलेल्या माळेतली संख्या. एकशे सत्त्याहत्तर वर्षांचा अंदाज तिथे कोसळला. मग पार्करने त्यांच्या पद्धतीकडे पाहून थेट दहालाच हात घातला आणि दहा बाय दहाचा जोडचौरस उभा केला. तिघांनी मिळून पुढे सिद्ध केले, की २ आणि ६ सोडून बाकी प्रत्येक संख्येचा जोडचौरस होतो. म्हणजे ऑयलरच्या अनंत माळेतले पहिले दोन मणी तेवढे खरे निघाले.

२६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर ही बातमी आली. नोव्हेंबरात मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात ती सांगितली आणि त्या अंकाच्या मुखपृष्ठावर पार्करचा चौरस रंगांत चितारलेला होता. या तिघांना ‘ऑयलरचा खेळ मोडणारे’ असे नावही पडले. जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने तर १९७८ च्या आपल्या मोठ्या कादंबरीत दहा बाय दहा खोल्यांची इमारत कल्पून तिच्यातले तपशील असल्याच जोडचौरसावरून वाटून दिले. गणिताचा असा उपयोग करणारा कादंबरीकार मराठीत अजून व्हायचा आहे.

पार्कर संगणक कंपनीत होता, तेव्हा यंत्रानेच हा चौरस शोधला असणार असे वाटण्याची शक्यता आहे. तसे नव्हते. चौरस हातानेच बांधलेला होता. दहा म्हणजे सात अधिक तीन. सातवर पुन्हा शून्याकडे वळणाऱ्या अंकगणिताने बहुतेक घरे फिरत्या नियमाने भरायची, उरलेल्या तीन चिन्हांचा एक छोटा तीन बाय तीनचा चौरस कोपऱ्यात बसवायचा. स्वॅकला शंभर घरे दिसत होती आणि प्रत्येक घर त्याला सारखेच अनोळखी होते. पार्करला त्याच शंभर घरांत सातची लय दिसली.

त्याची पुढची चाल मला अधिक मोलाची वाटते. चौरस सापडल्यावर तो यंत्राकडे परतला आणि पेज-टॉम्पकिन्सचा प्रश्नच त्याने दुसऱ्या भाषेत विचारला. लॅटिन चौरसात अशी दहा घरे निवडायची, की प्रत्येक ओळीतून एक, प्रत्येक स्तंभातून एक आणि दहाही चिन्हे एकेकदा यावीत. अशा निवडीला छेदिका म्हणू. जोडीदार चौरसातले एखादे चिन्ह, समजा ७, ज्या दहा घरांत बसते ती घरे म्हणजे मूळ चौरसाची एक छेदिकाच असते. तेव्हा जोडीदार शोधणे म्हणजे एकमेकींना न शिवणाऱ्या दहा छेदिकांनी सारा चौरस झाकणे. दहाच्या चौरसाला साधारण शेकड्यांनी छेदिका असतात आणि त्या आधीच काढून ठेवता येतात. घर-घर चाचपडण्याऐवजी यंत्र आता एका पावलात दहा घरे ठरवू लागले आणि काम अब्जावधी पटींनी लवकर आटोपू लागले. यंत्र फारसे बदलले नव्हते, प्रश्न मांडण्याची रीत बदलली होती. युनिव्हॅकच्या एका लष्करी यंत्रावर मिळेल त्या वेळात पार्करने चौरसामागून चौरस तपासले आणि जोडीदार असलेले चौरस मुळीच दुर्मिळ नाहीत असे त्याला आढळले. त्याच्या एका चौरसात ५,५०४ छेदिका आहेत. त्याला किती जोडीदार आहेत हे २००४ मध्ये पूर्ण मोजले गेले, तेव्हा आकडा निघाला १,२२,६५,१६८. ज्या एका जोडीसाठी ऑयलरने हात टेकले होते, त्या जोड्या एकाच चौरसापाशी सव्वा कोट होत्या! डोनाल्ड क्नूथने प्रोग्रामिंगवरच्या आपल्या ग्रंथमालेच्या चौथ्या खंडात सुरुवातीलाच ही कथा घेतली आहे ती उगाच नव्हे. सगळ्या शक्यता तपासणारा चांगला प्रोग्राम आणि वाईट प्रोग्राम यांच्यात किती अंतर असू शकते, याचे इतके लख्ख उदाहरण शोधून सापडणार नाही.

जोडी मिळाली. पूर्ण संचाचे काय? दहासाठी नऊ चौरस, म्हणजेच दहाचे प्रक्षेपी प्रतल: १११ बिंदू, १११ रेषा, प्रत्येक रेषेवर ११ बिंदू. १९४९ मध्ये ब्रक आणि रायझर यांनी एक चाळणी शोधली होती. प्रतलाची संख्या विशिष्ट प्रकारची असेल, तर ती दोन वर्गांची बेरीज असलीच पाहिजे. सहा या चाळणीत अडकते. दहा सुटते, कारण दहा म्हणजे एक अधिक नऊ. त्यामुळे दहाचे प्रतल असेल की नसेल, हे कळायला चाळणीचा काहीच उपयोग नव्हता. क्लेमंट लॅम हा तरुण रायझरकडे प्रबंधासाठी विषय मागायला गेला, तेव्हा रायझरने त्याला दहाच्या प्रतलाच्या वाटेला जाऊ नकोस असा सल्ला दिला. प्रश्न त्याचा स्वतःचा आवडता होता, पण पोराचे वर्ष वाया जायचे ही भीती. लॅमने ऐकले, दुसरा विषय घेतला आणि पुढे मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात नोकरी लागल्यावर याच प्रश्नाकडे आला.

मधल्या काळात वाट वेगळ्याच बाजूने खुली झाली होती. दूरवर संदेश पाठवताना मध्येच एखादा अंक बिघडला तर तो ओळखून सुधारता यावा म्हणून जे संकेत बनवतात, त्यांचे शास्त्र तेव्हा जोरात होते. बोस यांचे नाव त्यातही आहे. द्विजेंद्रकुमार रायचौधुरी यांच्याबरोबर त्यांनी १९६० मध्ये मांडलेले संकेत आजही फ्लॅश मेमरीत वापरले जातात. या शास्त्राच्या जाणकारांनी प्रतलाची प्रत्येक रेषा म्हणजे १११ शून्य-एकांची एक ओळ मानली. रेषेवर असलेल्या बिंदूला १, नसलेल्याला ०. अशा ओळींच्या बेरजांतून जे संकेतशब्द तयार होतात त्यांच्यात किती १ असतात, याची मोजदाद करता येते. प्रतल खरेच असेल, तर १२, १५ आणि १६ एक असलेले शब्द किती हे कळताच बाकीची सारी मोजदाद आपोआप ठरते. १५ चे शब्द असूच शकत नाहीत हे १९७३ मध्ये मॅकविल्यम्स, स्लोन आणि थॉम्पसन यांनी संगणकाच्या मदतीने दाखवले. १२ चा निकाल १९८३ मध्ये लॅमच्या चमूने लावला आणि १६ चा १९८६ मध्ये. तिन्ही शून्य. मग गणित म्हणाले: प्रतल असेलच, तर त्यात १९ एकांचे नेमके २४,६७५ शब्द असले पाहिजेत. आता १९ च्या शब्दातून निघणाऱ्या सुरुवातीच्या मांडण्या घ्यायच्या आणि कुठलीही पूर्ण प्रतलापर्यंत वाढते का ते पाहायचे, एवढेच उरले.

‘एवढेच’ म्हणजे विद्यापीठातल्या व्हॅक्स यंत्रांचा सारा मोकळा वेळ आणि त्याशिवाय प्रिन्स्टनच्या संरक्षण विश्लेषण संस्थेतला क्रे-१ए हा सुपरकॉम्प्युटर. क्रेवर दुसरे महत्त्वाचे काम नसेल तेव्हाच हा प्रोग्राम चाले. असे करत सुमारे २,००० तास भरले आणि १९८८ च्या नोव्हेंबरात उत्तर आले: नाही. दहाचे प्रतल नाही. रायझर हे ऐकायला नव्हता, तो १९८५ मध्ये गेला होता.

या ‘नाही’चे काय करायचे, हा पेच नवा होता. जोडचौरस सापडल्यावर तो छापता येतो, दुपारभर बसून कोणीही तपासू शकतो. ‘नाही’ला दाखवण्यासारखे काही नसते. १९७६ मध्ये इलिनॉय विद्यापीठात ॲपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या आधारे सिद्ध केले, की कोणताही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात. तेव्हा हाच वाद पेटला होता. (पार्कर तोवर त्याच विद्यापीठात प्राध्यापक झाला होता.) तिथे निदान हजार-दोन हजार आकृत्यांची यादी होती. लॅमकडे फक्त संपलेला शोध होता. त्याने हे झाकले नाही. थिएल आणि स्वियर्च या सहकाऱ्यांबरोबरच्या १९८९ च्या शोधलेखात त्याने बजावले, की याला रूढ अर्थाने सिद्धता समजू नये. क्रेसारख्या यंत्रात साधारण हजार तासांमागे एक चूक कोणाच्या लक्षात न येता होते, म्हणजे आपल्या शोधात अशा दोन-तीन झाल्या असणार, हेही त्याने सांगितले. त्याचा युक्तिवाद असा, की प्रतल असते तर त्याच्या २४,६७५ शब्दांपैकी अनेकांतून ते पुन:पुन्हा समोर आले असते. यंत्राच्या दोन-तीन चुका नेमक्या त्या सगळ्या जागी होणे फारच असंभव. हा युक्तिवाद मला पटतो, पण तो गणिताहून न्यायालयात शोभणारा आहे, हेही खरे.

२०११ मध्ये दुसऱ्या, स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रामने तेच उत्तर दिले. तरीही गोष्ट तीच राहिली. प्रोग्राम लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवा, नाहीतर स्वतः लिहा.

ही कोंडी फुटली ती २०२१ मध्ये, तीही कॅनडातच. कर्टिस ब्राइट, केव्हिन चुंग, ब्रेट स्टीव्हन्स, इलियास कोट्सिरेआस आणि विजय गणेश यांनी लॅमचा प्रश्न साध्या हो-नाहीच्या तर्कवाक्यांत उतरवला. हा बिंदू या रेषेवर आहे की नाही, असे एकेक विधान आणि त्यांच्यावरच्या अटी. अशा अटींचे जंजाळ सोडवणारे प्रोग्राम, ज्यांना सॅट सॉल्व्हर म्हणतात, मधल्या वीस-पंचवीस वर्षांत विलक्षण ताकदवान झाले होते. चिपमधले आराखडे तपासण्यासाठी ते मुख्यतः वाढले. त्यांचा गुण असा, की ‘नाही’ म्हणताना ते प्रत्येक पायरी लिहून दाखला देतात आणि तो दाखला अगदी छोटा, वेगळा प्रोग्राम तपासू शकतो. शोधणाऱ्या यंत्रावर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही, तपासनिसावर ठेवला की पुरे. असे दाखले माणसाने वाचायचे नसतातच. २०१६ मध्ये पायथागोरसच्या त्रिकुटांविषयीच्या एका प्रश्नाचा दाखला तब्बल २०० टेराबाइटचा झाला होता. लॅमच्या प्रश्नाचे उत्तर नव्या पद्धतीनेही ‘नाही’च आले. पण वाटेत एक गोष्ट उघडी पडली: १९८९ च्या आणि २०११ च्या, दोन्ही शोधांतल्या काही आकड्यांत विसंगती होत्या. निष्कर्ष बरोबर, आणि तरी दोन्हीकडे कुठेतरी गफलत. तीस वर्षे ती कोणाला दिसली नव्हती, कारण दिसण्याजोगे काही छापलेलेच नव्हते.

पुढच्याच वर्षी ऑयलरच्या मूळ छत्तीस जणांनाही नवी सुनावणी मिळाली. आयआयटी मद्रासचे सुहैल अहमद राथर आणि अरुल लक्ष्मीनारायण आणि क्रॅकोचे कारोल झिच्कोव्स्की प्रभृती पोलिश सहकारी यांनी विचारले, की एखादा अधिकारी एकाच वेळी थोडा या पलटणीचा आणि थोडा त्या पलटणीचा असेल तर? पुंज भौतिकीत तशी मुभा असते. त्यांनी ऑयलरच्या अटींच्या शक्य तितक्या जवळ जाणारी साधी मांडणी घेतली आणि सगळ्या अटी पुऱ्या होईपर्यंत एका प्रोग्रामने ती थोडी-थोडी सुधारत नेली. यंत्राने दिले ते दशांशांचे ढीग. त्यांतून नेमकी सूत्रे वेचून काढायचे काम माणसांनी केले आणि त्या सूत्रांत सुवर्ण गुणोत्तर बसलेले निघाले.

दहाच्या चौरसांचा हिशेब अजून बंद झालेला नाही. एकमेकांवर बसणारे दोन मिळतात, हे पार्करपासून माहीत आहे. नऊ मिळत नाहीत, हे लॅमपासून. १९६१ मध्ये श्रीखंड्यांनी ‘संख्या’ या कलकत्त्याच्या नियतकालिकात दोन पानी टिपण लिहिले होते. चाराहून मोठ्या संख्येच्या पूर्ण संचाला दोनच चौरस कमी असतील, तर ते दोन नेहमी भरून काढता येतात, असे त्यात सिद्ध केले आहे. म्हणजे सात मिळाले असते तर नऊही मिळाले असते. लॅमच्या यंत्राचा ‘नाही’ या टिपणाला जोडला, की सातही बाद होतात. तेव्हा जास्तीत जास्त सहा. तीन तरी मिळतात का, हे कोणालाही सांगता येत नाही. ब्रेंडन मॅके, ॲलिसन मेनर्ट आणि वेंडी मिर्व्होल्ड यांनी २००७ मध्ये आजवरचा मोठा शोध घेऊन दाखवले, की असे त्रिकूट असलेच तर त्यातल्या एकाही चौरसाला कसलीच सममिती नसेल. तारीपासून सगळ्यांनी ज्या सममितीचा हात धरून प्रश्न लहान केला, ती इथे उपयोगाची नाही आणि दहा बाय दहाचे बहुतेक सारे चौरस नेमके त्याच बिनसममितीच्या जातीचे आहेत.